गेमवर बंदी घालताना सरकारला कारण द्यावं लागतं का?

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारनं ११८ मोबाइल ॲपवर एकदम बंदी घातली आणि त्या यादीत पबजी मोबाइलचं नाव होतं. करोनाच्या त्या दिवसांत सोलापुरात गल्लोगल्ली, पूर्व भागातल्या कट्ट्यांवर, विजापूर रोडच्या खोल्यांमध्ये पोरं हाच गेम खेळत बसायची. बंदी आली तेव्हा आया सुटकेचा श्वास टाकत होत्या, पोरं हळहळत होती आणि दोघांचीही समजूत एकच होती: गेम हिंसक होता, पोरं वाया चालली होती, म्हणून सरकारनं तो बंद केला. ही समजूत चुकीची आहे. सरकारनं दिलेलं कारण बंदुकांचं नव्हतं, रक्ताचं नव्हतं आणि बुडालेल्या अभ्यासाचंही नव्हतं.

कारण होतं देशाची सार्वभौमता आणि सुरक्षा, आणि वापरणाऱ्यांची माहिती देशाबाहेरच्या सर्व्हरवर जाण्याचा धोका. त्याच वर्षी जूनमध्ये गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झटापट झाली होती. २९ जूनला टिकटॉकसह ५९ ॲप बंद झाली होती. पबजी हा गेम दक्षिण कोरियाचा, पण त्याची मोबाइल आवृत्ती चालवणारी टेन्सेंट ही कंपनी चिनी. म्हणून मोबाइलवरचा पबजी गेला. संगणकावरचा आणि कन्सोलवरचा पबजी, त्यातल्या त्याच बंदुकांसह, भारतात चालूच राहिला. आक्षेप गेममध्ये काय दाखवलंय याला असता, तर तोही गेला असता.

हे तपशिलात सांगितलं, कारण सरकार गेम बंद करतं तेव्हा दर वेळी ते एकच काम करत नसतं. सोलापूरची गड्ड्याची जत्रा डोळ्यांसमोर आणा. होम मैदानावरच्या एखाद्या आकाशपाळण्याचे नटबोल्ट ढिले निघाले म्हणून तो थांबवला जाऊ शकतो. पैसे लावून खेळायचा स्टॉल जुगार म्हणून उठवला जाऊ शकतो. लहान मुलांना मौत का कुआँच्या कठड्यापाशी एकटं सोडू नका, अशी अट घातली जाऊ शकते. आणि बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणारा एखादा कलाकार पुढाऱ्याची नक्कल करतो म्हणून त्याचा तंबू उठवला जाऊ शकतो. चारही ठिकाणी पोलीसच येतात आणि थांबायला सांगतात. पहिल्या तीन ठिकाणी कुणाच्या बोलण्यावर गदा आलेली नाही. चौथ्या ठिकाणी आली आहे, आणि सेन्सॉरशिप म्हणतात ती हीच. गेमच्या बाबतीत आपण या चारही गोष्टी एकाच पोत्यात भरतो, आणि मग चौथी गोष्ट पहिल्या तिघींच्या आडून कधी आत शिरते ते कळतही नाही.

गेमला काही म्हणायचं असतं का?

गेम म्हणजे नुसता टाइमपास, त्यात कसली आलीये अभिव्यक्ती, असं अनेकांना मनापासून वाटतं. त्यांनी दोन-तीन गेमची ओळख करून घ्यावी.

‘पेपर्स, प्लीज’ हा २०१३ चा गेम. त्यात तुम्ही एका हुकूमशाही देशाच्या सीमेवरचे तपासणी अधिकारी असता. रांगेतल्या माणसांचे पासपोर्ट बघायचे आणि शिक्का मारायचा, एवढंच काम. नवऱ्याची कागदपत्रं बरोबर असतात, मागून आलेल्या बायकोकडे एक कागद कमी असतो. तिला आत सोडलं तर तुमचा पगार कापला जाईल आणि घरी तुमचं पोर आजारी आहे. काय करणार? नोकरशाहीत साधीसरळ माणसं क्रूर कशी होत जातात, हे शंभर पानांच्या निबंधापेक्षा हा गेम लवकर समजावतो. ‘धिस वॉर ऑफ माइन’ हा पोलंडमध्ये तयार झालेला गेम युद्धाचाच आहे, पण त्यात तुम्ही सैनिक नसता. वेढा पडलेल्या शहरात अन्न आणि औषधं शोधत कसंबसं तग धरणारे साधे नागरिक असता. पोलंडच्या सरकारनं २०२० मध्ये त्याला शाळांच्या पूरक वाचनाच्या यादीत जागा दिली. आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीनं २०२० मध्ये आणलेला ‘राजी’ पाहा. पुराणातले देव आणि असुर त्यात आहेत, आणि हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी त्याची नायिका आहे.

आणखी एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. माइनक्राफ्ट हा ठोकळे रचायचा गेम पोरांना माहीत आहे. १२ मार्च २०२० रोजी ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या पत्रकारांच्या संघटनेनं त्या गेमच्या आत एक भलंमोठं ग्रंथालय उभं केलं. सौदी अरेबिया, इजिप्त, रशिया, मेक्सिको, व्हिएतनाम इथल्या दडपल्या गेलेल्या पत्रकारांचे लेख त्यातल्या पुस्तकांमध्ये ठेवले. खून झालेले सौदी पत्रकार जमाल खशोगी यांचं लेखनही तिथे आहे. ज्या देशात असा लेख छापणारी वेबसाइट उघडत नाही, त्या देशातलं पोरगंसुद्धा गेममध्ये शिरून तो लेख वाचू शकतं.

सरकारं हे ओळखून असतात. तैवानमध्ये तयार झालेला ‘रिव्हर्स्ड फ्रंट : बॉनफायर’ हा गेम चिनी सत्तेविरुद्धच्या लढ्याची कल्पना रंगवतो. जून २०२५ मध्ये हाँगकाँगच्या पोलिसांनी जाहीर केलं की हा गेम डाउनलोड करणं हासुद्धा राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. त्याआधी २०१९ मध्ये ‘डिव्होशन’ या तैवानी भयकथेच्या गेममध्ये भिंतीवरच्या एका कागदावर चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग यांची टिंगल सापडली, आणि काही दिवसांत तो गेम ऑनलाइन दुकानातून गायब झाला. इथे माहितीची चोरी नव्हती, जुगार नव्हता, मुलांचं आरोग्यही नव्हतं.

मराठी माणसाला हे नवं वाटायला नको. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं. त्यात इंग्रज व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनचं नाव कुठेही नव्हतं, कथा महाभारतातली होती. पण कीचक कोण आणि द्रौपदी कोण हे प्रेक्षकांना कळत होतं. इंग्रजांनाही कळलं, आणि १९१० मध्ये त्यांनी नाटकावर बंदी घातली. गोष्ट सांगण्याचं साधन बदलत गेलं, तिच्यामुळे अस्वस्थ होणारी माणसं बदलली नाहीत.

अमेरिका आणि जर्मनीत काय झालं

गेमला बोलण्याचा दर्जा द्यायचा की नाही, यावर सगळ्यात स्पष्ट निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २७ जून २०११ रोजी दिला. कॅलिफोर्निया राज्यानं २००५ मध्ये कायदा केला होता की हिंसक गेम १८ वर्षांखालच्या मुलांना विकले तर हजार डॉलरपर्यंत दंड. न्यायालयानं सात विरुद्ध दोन मतांनी तो रद्द केला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया हे काही मोकळ्याढाकळ्या विचारांचे म्हणून ओळखले जात नव्हते, चांगले सनातनी होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पुस्तक, नाटक, सिनेमा जसा विचार पोचवतो तसाच गेमही पोचवतो, पात्रं, संवाद, कथानक वापरून. म्हणून त्यालाही तेच संरक्षण. हिंसाचाराचं म्हणाल, तर मुलांना आपण ज्या परीकथा सांगतो त्यांत चेटकिणीला भट्टीत ढकलतात आणि सावत्र बहिणींचे डोळे कबुतरं फोडतात.

या निकालाविरुद्ध एक युक्तिवाद तेव्हाही झाला आणि आजही होतो. तो हलक्यानं घेऊ नये. सिनेमात खून दुसरा कुणी करतो आणि आपण बघतो, गेममध्ये खून करायचं बटण आपल्याच बोटाखाली असतं. मग परिणाम जास्त होत नसेल का? आपल्याकडे १९७० मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सिनेमाचं आधी परीक्षण करणं वैध ठरवलं, तेव्हाही तर्क याच वळणाचा होता: सिनेमा पुस्तकापेक्षा मनावर खोल ठसा उमटवतो. गेमच्या बाबतीत संशोधनाचं सध्याचं चित्र असं की हिंसक गेम आणि चिडचिड, आक्रमक वागणं यांच्यात छोटासा संबंध दिसतो, पण गेममुळे माणूस प्रत्यक्ष हिंसाचार करतो म्हणायला पुरेसा पुरावा नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्ये आपल्या ठरावात हीच बाब स्पष्ट केली. पालकानं लक्ष ठेवावं एवढं वजन त्या छोट्या संबंधाला नक्की आहे. प्रौढ माणसाच्या हातातला गेम काढून घ्यावा एवढं ते नाही.

जर्मनीची गोष्ट वेगळी. तिथे नाझी चिन्हं मिरवणं हा गुन्हा आहे, आणि तो का आहे हे समजायला इतिहासाचं पुस्तक उघडावं लागत नाही. सिनेमाला कला म्हणून सूट होती, गेमला नव्हती. त्यामुळे नाझींशी लढण्याच्या ‘वुल्फेनस्टाइन’ या गेमच्या २०१७ मधल्या जर्मन आवृत्तीत स्वस्तिकं काढून टाकली आणि हिटलरच्या मिशाही उडवल्या. नाझींविरुद्ध बोलणारी कलाकृती नाझींविरोधी कायद्यात अडकली. ऑगस्ट २०१८ मध्ये तिथल्या वयोगट ठरवणाऱ्या संस्थेनं धोरण बदललं: प्रत्येक गेम स्वतंत्र तपासायचा, चिन्ह कशासाठी वापरलंय ते बघायचं आणि मग ठरवायचं. संदर्भ बघून निर्णय घेणं वेळखाऊ असतं, पण न्याय्य तेच आहे.

आपल्याकडचा खरा पेच : धंदा की बोलणं?

आता भारत. राज्यघटनेचं कलम १९(१)(क) भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देतं. कलम १९(२) सांगतं की त्यावर वाजवी निर्बंध घालता येतील, पण मोजक्या आठच कारणांसाठी: देशाची सार्वभौमता आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी. ही यादी बारकाईनं वाचा. त्यात ‘वेळ वाया जातो’ नाही. ‘तरुण पिढी बिघडते’ नाही. ‘लोकहित’ असा मोघम शब्दही नाही.

तो मोघम शब्द दुसरीकडे आहे. कलम १९(१)(छ) व्यवसाय करण्याचं स्वातंत्र्य देतं, आणि व्यवसायावर मात्र सरकार ‘सर्वसाधारण जनतेच्या हितासाठी’ निर्बंध घालू शकतं. म्हणजे गेमला बोलणं मानलं तर सरकारला आठ दारांपैकी एका दारातून यावं लागतं. धंदा मानलं तर फाटक सताड उघडं.

या फरकावर आपल्याकडे एक जुना निकाल आहे, आणि तो मराठी वर्तमानपत्रामुळे मिळाला. केंद्रानं १९५६ च्या कायद्याचा आधार घेऊन वर्तमानपत्राची पानं किती आणि किंमत किती हे ठरवून द्यायचं म्हटलं. युक्तिवाद असा की हे धंद्याचं नियमन आहे, लहान वर्तमानपत्रांच्या भल्यासाठी आहे, मजकुराला कुणी हात लावलेला नाही. पुण्याचं ‘सकाळ’ सर्वोच्च न्यायालयात गेलं. सप्टेंबर १९६१ मधल्या निकालात न्यायालयानं सांगितलं की पानं कमी केली की बोलणंच कमी होतं, आणि धंद्याचं नियमन म्हणून बोलण्याचं स्वातंत्र्य आखडता येत नाही. गेमच्या वादात हा निकाल कुणी फारसा काढत नाही. मला तो सगळ्यात कामाचा वाटतो. व्हिडिओ गेम ही अभिव्यक्ती आहे असा अमेरिकेसारखा थेट निकाल आपल्या सर्वोच्च न्यायालयानं दिलेला नाही, आणि गेमवरचे आपले खटले मुख्यतः धंद्याच्या बाजूनं लढले गेले आहेत.

मग गेम बंद होतो तो कोणत्या कायद्यानं? बहुतेक वेळा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९(अ) नुसार. २००८ च्या दुरुस्तीनं ते आलं. त्यातली कारणं आठांहूनही कमी आहेत. अश्लीलता किंवा बदनामी त्यात नाही. २००९ च्या नियमांमध्ये पद्धत दिली आहे: एक समिती विनंती तपासते, ज्याचा मजकूर आहे त्याला किंवा तो दाखवणाऱ्या कंपनीला नोटीस देऊन म्हणणं मांडायची संधी देते, कारणं लेखी नोंदवते. तातडी असेल तर आधी बंद करून ४८ तासांच्या आत समितीपुढे आणायचं. २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं याच कायद्याचं, इंटरनेटवरच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षा देणारं कलम ६६(अ) रद्द केलं. त्या खटल्यामागे पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून झालेली अटक होती. पण ६९(अ) मात्र न्यायालयानं टिकवलं. का टिकवलं? कारणं लेखी द्यावी लागतात, आणि म्हणून त्यांना न्यायालयात आव्हान देता येतं, म्हणून.

इथेच गाडी अडते. त्याच नियमांमधला सोळावा नियम म्हणतो की विनंत्या, तक्रारी आणि त्यांवरची कारवाई काटेकोरपणे गुप्त ठेवायची. कारण लेखी आहे, पण ते कपाटात आहे. आव्हान देता येतं, पण कशाला आव्हान द्यायचं ते कळत नाही.

पबजीच्या जागी आलेल्या बीजीएमआयचंच (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) बघा. क्राफ्टन या कोरियन कंपनीनं तो २ जुलै २०२१ ला भारतासाठी म्हणून आणला. रक्ताचा लाल रंग बदलला, १८ वर्षांखालच्या मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली. वर्षभरानं, २८ जुलै २०२२ ला, तो गूगल आणि ॲपल दोन्हींच्या दुकानांतून नाहीसा झाला. सरकारी आदेश आल्याचं गूगलनं सांगितलं. तो आदेश लोकांसमोर आला नाही. मे २०२३ मध्ये तीन महिन्यांच्या चाचणीसाठी म्हणून परवानगी मिळाली आणि गेम परतला. मधल्या दहा महिन्यांत त्यावर स्पर्धा खेळून पोट भरणारी पोरं, समालोचन करणारी पोरं, व्हिडिओ बनवणारी पोरं यांच्या हाती काहीच नव्हतं. माझ्याकडे संगणक शिकायला येणारी पोरं एकमेकांना विचारायची, ‘काय झालं बे नेमकं?’ आणि मला विचारायची, ‘सर, काय कारण असेल?’ सुरक्षेचं कारण खरंही असेल. शत्रूदेशाच्या हाती आपल्या कोट्यवधी लोकांची माहिती जात असेल तर सरकारनं गप्प बसावं असं मी मुळीच म्हणणार नाही. पण गुप्तचर माहितीतला एखादा परिच्छेद झाकून ठेवणं वेगळं आणि आदेशच झाकून ठेवणं वेगळं. जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात, काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीच्या संदर्भात, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, म्हणजे ज्याला झळ बसली त्याला दाद मागता येईल. इंटरनेट बंद करताना जे लागू आहे ते गेम बंद करताना का लागू नसावं?

सोलापुरात तरी हा प्रश्न परका वाटू नये. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर हे शहर पेटलं आणि १२ मे रोजी इंग्रजांनी इथे मार्शल लॉ लावला. तिरंगा घेऊन फिरणं हा गुन्हा झाला. गांधी टोपी डोक्यावर दिसली तरी मार बसायचा. ‘कर्मयोगी’ या वर्तमानपत्राचे संपादक रामभाऊ राजवाडे यांना तुरुंगात टाकलं गेलं. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेलेल्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ नावाचं वृत्तपत्र चालवत होते. आजचं सरकार आपण निवडलेलं आहे. त्याची तुलना त्या राजवटीशी करण्याचा माझा हेतू नाही. पण टोपीसारखी निरुपद्रवी वस्तू एका हुकमानं गुन्हा ठरू शकते, हे ज्या शहरानं सोसलंय, त्यानं हुकमामागचं कारण विचारायची सवय सोडू नये.

भीतीपोटी घातलेल्या बंदीचं काय होतं

ऑगस्ट २०१७ आठवतोय? ब्लू व्हेल. पन्नास दिवसांची आव्हानं, शेवटी आत्महत्या. घर सोडून निघालेला सोलापूरचा एक शाळकरी मुलगा भिगवणजवळ बसमध्ये सापडला आणि त्याचाही संबंध या गेमशी जोडला गेला. केंद्र सरकारनं गूगल, फेसबुक, व्हॉट्सॲप अशा कंपन्यांना पत्र पाठवून ब्लू व्हेलच्या लिंक काढायला सांगितलं. अडचण ही की डाउनलोड करता येईल असा तो गेमच नव्हता. असलीच तर ती कुणीतरी कुणाला खासगी संदेशांतून दिलेली आव्हानं होती. पुढे सरकारनं नेमलेल्या समितीनं या गेमशी जोडल्या गेलेल्या आत्महत्यांच्या घटना तपासल्या आणि त्यांतल्या एकाही मृत्यूचा ब्लू व्हेलशी संबंध सिद्ध करता आला नाही, असं जानेवारी २०१८ मध्ये संसदेत सांगण्यात आलं. त्या मुलांचं दुःख खरं होतं. पण आपण सगळे एका नावामागे धावत राहिलो, आणि घरात, शाळेत त्यांना काय टोचत होतं हे विचारायचं राहून गेलं.

मार्च २०१९ मध्ये राजकोट पोलिसांनी जाहीर सूचना काढून पबजी खेळायला बंदी केली आणि खेळणाऱ्या काही तरुणांना, त्यांत कॉलेजची पोरं होती, चक्क अटक केली. तेव्हा पबजी देशात पूर्णपणे कायदेशीर होता. दंगल रोखायला वापरायचा जमावबंदीसारखा अधिकार मोबाइल बघत बसलेल्या पोरांवर वापरला गेला.

ग्रीसनं तर २००२ मध्ये याहून मोठा घोळ घातला. बेकायदा जुगार रोखायचा होता. पण जुगाराचं यंत्र कोणतं आणि साधा गेम कोणता हे ओळखायचं कसं, म्हणून सरसकट सगळे इलेक्ट्रॉनिक गेमच बंद करणारा कायदा केला. इंटरनेट कॅफेत बुद्धिबळ खेळणंसुद्धा धोक्याचं झालं. तिथल्या स्थानिक न्यायालयानं काही महिन्यांतच तो घटनाविरोधी ठरवला.

मुलांचं आणि पैशांचं

मुलांसाठी बंधनं हवीत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंगचा विकार आपल्या आजारांच्या वर्गीकरणात घेतला असून ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. पण बंधनांचेही प्रकार असतात. चीननं १ सप्टेंबर २०२१ पासून १८ वर्षांखालच्या मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री ८ ते ९ एवढा एकच तास दिला, आणि तो पाळला जावा म्हणून खऱ्या नावानं नोंदणी सक्तीची ठेवली. दक्षिण कोरियानं २०११ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्रीनंतर ऑनलाइन गेम बंद केले होते. दहा वर्षांनी तो कायदा मागे घेतला आणि वेळ ठरवायचं काम आईवडिलांकडे परत दिलं. अमेरिकेत १९९४ पासून आणि युरोपात २००३ पासून गेमच्या खोक्यावर वयोगट छापतात. आपल्या मोबाइलच्या प्ले स्टोअरवर गेमच्या नावाखाली ३+, ७+, १२+, १६+, १८+ असं लिहिलेलं असतं ते त्याच पद्धतीतून आलेलं आहे: गेम बनवणारा प्रश्नावली भरतो, उत्तरांवरून वयोगट ठरतो. पालकांनी ते सेटिंग लावलं की मुलाच्या फोनवर मोठ्यांचे गेम उतरत नाहीत. आपल्याकडे सिनेमाला प्रमाणपत्र लागतं. महाराष्ट्रात नाटकालाही प्रयोगाआधी परिनिरीक्षण मंडळाकडे जावं लागतं. गेमसाठी तसं मंडळ नाही आणि नसावं, असं माझं मत आहे. वयोगट पालकाच्या हाती माहिती देतो. मंडळ प्रौढाच्याही हातातून निवड काढून घेतं.

पैशांचे गेम ही तिसरीच गोष्ट. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून पैसे जिंकायचा कोणताही ऑनलाइन गेम, कौशल्याचा असो की नशिबाचा, त्यानं बेकायदा ठरवला. असा गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ई-स्पोर्ट्सना, म्हणजे गेमच्या स्पर्धांना, मात्र मान्यता आणि प्रोत्साहन. रमीच्या नादात पगार घालवून बसलेली माणसं पाहिली की या कायद्याचं दुःख वाटत नाही. जुगाराला घटनेचं संरक्षण नाही, हे १९५७ च्या चमारबागवाला खटल्यापासून ठरलेलं आहे. कौशल्याच्या खेळांना सरसकट जुगाराच्या रांगेत बसवणं घटनेत बसतं का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेलाच आहे. माझी काळजी वेगळ्या ठिकाणी आहे. कथा सांगणाऱ्या गेमचं भवितव्यही याच कायद्याच्या कचेरीत ठरू लागलं, तर तिथला अधिकारी ‘हा धंदा आहे’ एवढंच बघेल.

आणि काही गेम सरकारनं न सांगताच जातात. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ‘फॉलआउट ३’ सांस्कृतिक संवेदनशीलतेचं कारण देऊन भारतात आणलाच नाही. त्यात दोन डोक्यांच्या गाईसारख्या प्राण्याला ब्राह्मिण असं नाव होतं. कुणी तक्रार केली नव्हती, कुणी आदेश काढला नव्हता. जुलै २०२५ मध्ये क्रेडिट कार्ड आणि पैसे वळते करणाऱ्या कंपन्यांच्या दबावाखाली स्टीम आणि इच या गेमच्या ऑनलाइन दुकानांनी प्रौढांसाठीचे अनेक गेम काढले किंवा झाकले. अशा वेळी घटनेचं कलम कामाला येत नाही, कारण ते प्रामुख्यानं सरकारला बांधतं.

सरकारनं बंद केलेल्या गेमसाठी मात्र रस्ता आहे. गेम तुम्ही बनवला असेल, तर नियमांनुसार नोटीस आणि बाजू मांडायची संधी मागा, आणि आदेशाची प्रत मागा. दिली नाही तर घटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. श्रेया सिंघल निकालात हाच उपाय गृहीत धरलेला आहे. त्यासाठी सोलापूरकराला आता मुंबईला जावं लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सोलापूर जिल्हा त्याच्या हद्दीत येतो. याचिकेत पहिली मागणी गेम परत द्या अशी नसली तरी चालेल. आदेश दाखवा, ही असावी.